तकलीवरचे सूत : नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सोपेपणाविषयी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांत नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, 'श्री', 'शुभ-लाभ', आणि पुढे सगळी कोरी पाने. ही वही घेताना तिची रचना कशी हवी, विभाग किती हवेत, आधी कोणती वही वापरत होतात, असे दुकानदाराला कोणी विचारत नाही. वही उघडली की लिहिता येते. आता फोनवर किंवा संगणकावर नोंदी ठेवण्याचे एखादे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडून पाहावे. खाते काढा, 'वर्कस्पेस'ला नाव द्या, साचा निवडा, कामासाठी वापरणार की अभ्यासासाठी ते सांगा. जी गोष्ट टिपून ठेवायची होती ती या प्रश्नांची उत्तरे देता देता अर्धी विरून जाते.

पण कोऱ्या वहीचे गुणगान करून भागत नाही. गेल्या आषाढात कोणाला किती उसने दिले, हे चारशे पानांत हुडकत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला सॉफ्टवेअर का हवे हे सांगावे लागत नाही. शिवाय प्रत्येकाची नोंद वेगळी. शेतकऱ्याला मजुरी आणि वेचणीचा मेळ हवा, बचत गटाच्या सचिव बाईंना बैठकीचे इतिवृत्त आणि कर्जाचे हप्ते, अभ्यासकाला संदर्भ. म्हणजे साधन मनाजोगते बदलता आले पाहिजे, आणि जितके बदलता येईल तितके ते नवख्याला बिचकवते. पहिल्या दिवशी वहीइतके सोपे आणि दहा वर्षांनी त्याच माणसाच्या हातात त्याच्या गरजेएवढे मोठे झालेले, असे एकच साधन घडवता येते का?

सॉफ्टवेअरचे जग हा प्रश्न आपल्याच काळात जन्मल्यासारखा मांडते. माझे म्हणणे असे की त्याचे उत्तर शोधण्याच्या कसोट्या आपल्याकडे तयार आहेत. एक मराठी हिशेबाच्या दप्तरात आहे आणि दुसरी वर्ध्यात, सूतकताईच्या निमित्ताने झालेल्या विचारात. त्या कसोट्यांवर आजची साधने घासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कीर्द आणि खतावणी

मराठी हिशेबपद्धतीत एकच व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो. आधी रोजकीर्द : आज जे घडले ते घडले त्या क्रमाने. धान्य आले, रोकड गेली, कोणी उधार नेले. सगळे एकाखाली एक, तारखेच्या आधाराने. त्यानंतर खतावणी : कीर्दीतली तीच रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणे. खतावणीवरून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद. पेशवे दप्तराच्या कागदांत ही परंपरा पानोपानी दिसते.

या व्यवस्थेचा मर्म असा की लिहिणे आणि लावणे ही दोन कामे तिने वेगळी केली. कीर्द लिहिणाऱ्याला एकच गोष्ट ठाऊक असावी लागते, आजची तारीख. ही रक्कम कोणत्या खात्यात जाईल, पुढे कोणाला हवी असेल, याचा विचार त्याने त्या क्षणी करायचा नसतो. नवशिका पोरगाही कीर्द लिहू शकतो. खतावणीला जाणता माणूस लागतो. पण तो कीर्द खोडत नाही, तिच्यावर नवी रचना उभी करतो. खतावणी चुकली तर पुन्हा करता येते, कारण कीर्द जागेवर असते. आणि कधी कधी लावणारा दोन शतकांनी येतो. पेशव्यांच्या रोजनिशीतून गणेश चिमणाजी वाड यांनी उतारे निवडले आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांतून जे शोधले, ते लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हते.

टिपण घेण्याचा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंगही हेच सांगतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्या टिपणांतून उभे राहिले. बोलणारा बोलत असताना लिहिणाऱ्याला वर्गवारी करायला सवड नसते. त्या क्षणी हाताला थांबवणारे कोणतेही साधन, मग ते कितीही हुशार असो, टिपणाचे साधन म्हणून नापास होते.

तकली, चरखा आणि एक लाखाचे बक्षीस

दुसरी कसोटी लेखणीकडून हाताच्या अवजाराकडे नेते. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखेला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमचा आराखडा तयार केला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला गेला. त्यातल्या सूतकताईची सुरुवात तकलीपासून होत असे, चरखा नंतर येई.

तकली म्हणजे एक सळई आणि एक चकती. खिशात मावते. पेळूतून धागा ओढायचा, त्याला पीळ बसू द्यायचा, गुंडाळायचा. यापलीकडे तिच्यात काही नाही. तिच्यावर सूत हळू निघते, हा तिचा मोठा दोष. पण ओढ आणि पीळ यांचा मेळ बोटांना कळतो तो इथेच. मुलगा चरख्यावर बसतो तेव्हा चाक आणि माळ नवी असते, धागा ओढणाऱ्या हाताचे काम तेच राहते. आधीचे शिक्षण पुसून नवे गिरवावे लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तकलीवरचे सूतही सूतच असते. विणकर त्याचा अंक आणि मजबुती पाहतो. ते कोणत्या साधनावर कातले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नवख्याचे सूत आणि कसलेल्या कातणाराचे सूत एकाच मागावर चढू शकते.

चरखा बदलण्याचे, वाढवण्याचे प्रयत्नही याच काळात जोरात चालले होते. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. यंत्र हलके, सहज हलवता येणारे, खेड्यातल्या साध्या झोपडीत चालणारे हवे. एखाद्या बाईला ते फारसे न थकता सलग आठ तास चालवता यावे. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. ते वीस वर्षे टिकावे आणि बदलायच्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. देखभालीचा खर्च ही इथे रचनेचीच एक अट आहे. विक्रीनंतर सुचलेली गोष्ट नाही.

ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करवाडीत तयार झालेले काळे यांचे यंत्रही त्या अटींत पूर्ण बसले नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मगनलाल गांधींच्याच नावाचा मगन चरखा पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून दोन धागे काढू देतो. वेग वाढतो, पण बसणाऱ्याला दोन हात स्वतंत्रपणे चालवायला शिकावे लागते. स्वातंत्र्यानंतर एकांबरनाथ यांचा अंबर चरखा आला. चात्या वाढल्या, दातेरी चाके आली, उत्पादन वाढले आणि त्याबरोबर प्रशिक्षण व दुरुस्ती यांची वेगळी व्यवस्थाही उभी करावी लागली. गुणवान साधनाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते, हे त्या न दिलेल्या बक्षिसाने आधीच सांगून ठेवले होते.

या दोन दाखल्यांतून तीन प्रश्न हाती येतात. पहिली नोंद काही न ठरवता करता येते का? नवख्याचे सूत आणि जाणत्याचे सूत एकच आहे का? आणि साधन बिघडले किंवा बदलायचे झाले, तर ते काम गावात होते का?

संगणकावरचे तीन प्रयोग

संगणकाच्या जगात सोपेपणाचे प्रयोग बरेच झाले. त्यांतले तीन इथे उपयोगाचे आहेत.

पहिला १९८४ चा. आयबीएमच्या संशोधनकेंद्रातल्या जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिदर्स यांनी शब्दलेखनाच्या यंत्रातल्या नवख्यांना गोत्यात आणणाऱ्या वाटा बंद केल्या. सायकलला मागे जोडतात त्या दोन छोट्या चाकांवरून त्यांनी या पद्धतीला नाव दिले. पडद्यावरचे पर्याय दिसत होते, पण चुकून भलताच निवडला तर 'तो इथे उपलब्ध नाही' एवढेच सांगून यंत्र माणसाला जागेवर ठेवी. असे शिकणारे लोक लवकर पत्र लिहून मोकळे झाले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. पर्याय लपवले नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे. घर पूर्ण दिसत होते, फक्त काही दारे तूर्त लावलेली होती.

दुसरा १९८७ चा. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी घडवलेल्या हायपरकार्डमध्ये माहितीची पत्ते असत आणि त्या पत्त्यांचा गठ्ठा. वापरणाऱ्याला पाच पायऱ्यांपैकी एक निवडता येई : नुसते वाचणे, मजकूर लिहिणे, चित्र काढणे, पत्त्यांची रचना करणे आणि अखेरीस त्यांच्यासाठी आज्ञावली लिहिणे. गठ्ठा मात्र सगळ्यांचा तोच. पहिल्या पायरीवरच्या माणसाने वापरलेले बटण चौथ्या-पाचव्या पायरीवर गेल्यावर उघडून पाहता येई आणि त्यामागे काय लिहिले आहे ते वाचता येई. कित्येक शिक्षक आणि हौशी माणसे अशीच पायरी पायरीने कार्यक्रम लिहू लागली. तकली-चरख्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे सॉफ्टवेअर मला दिसत नाही.

तिसरा प्रयोग फसलेला. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० ने क्वचित वापरले जाणारे पर्याय आपोआप लपवायला सुरुवात केली. यंत्र तुमच्या सवयी बघून यादी आखूड करी. परिणाम असा की काल जिथे होता तिथे आज पर्याय नाही. घरातल्या माणसाने स्वयंपाकघरातले डबे रोज रात्री 'वापराप्रमाणे' हलवून ठेवावेत, तसा हा सोपेपणा. ऑफिस २००७ मध्ये ती पद्धत मागे पडली. यादी छोटी असण्यापेक्षा वस्तू जागेवर असणे माणसाला अधिक सोपे वाटते, हा धडा.

आजची साधने

आता आजच्या साधनांकडे. सगळ्यांचा आढावा इथे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. प्रत्येक साधन तीन प्रश्नांपैकी कुठे अडते तेवढे पाहू.

गूगल कीप पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देते. उघडा, लिहा, झाले. पण ही तकलीच आहे, तिच्यापुढे चरखा नाही. चिठ्ठ्यांना रंग द्यावा, लेबल चिकटवावे, शोधावे. याहून मोठी रचना तिच्यात उभी राहत नाही. हजार चिठ्ठ्या झाल्या की माणूस दुसरीकडे जातो आणि तिथे पुन्हा पहिलीपासून सुरुवात करतो. नवख्यासाठी सोपे ठेवायचे म्हणून त्याला कायम नवखाच ठेवले, असा हा प्रकार.

नोशन दुसऱ्या टोकाला आहे. परिच्छेद, यादी, तक्ता, सगळे सुट्या ठोकळ्यांसारखे. त्यांतून हवी ती रचना करता येते. कोऱ्या पानावर लगेच लिहिता येते हे खरे, पण ते साधन माणसाला लवकरच मांडणीकडे ओढते. कोणती खाती, कोणते रकाने, कोणते दृश्य. कीर्द लिहायच्या आधीच खतावणी आखायला बसवते. लोक आठवडाभर सुंदर तक्ते जुळवतात आणि त्यांत चार ओळी लिहितात. हा दोष लोकांच्या आळसाचा नसून साधनाने कशाला आधी महत्त्व दिले त्याचा आहे. शिवाय हे सूत कंपनीच्या घरात राहते. ते बाहेर काढता येते, परंतु तक्त्यांची परस्पर नाती आणि दृश्ये वाटेत सपाट होतात.

सूत दुसऱ्याच्या घरात असणे म्हणजे काय, हे एव्हरनोटच्या वाचकांना २०२३ च्या अखेरीस कळले. विनामूल्य वापरणाऱ्यांसाठी मर्यादा पन्नास नोंदी आणि एक वही एवढी झाली. कंपनीने आपले गणित पाहिले, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्याने 'सोपे आहे' म्हणून सुरुवात केली होती त्याच्यासाठी सोपेपणाचा अर्थ त्या दिवशी बदलला.

ऑर्ग-मोडची गोष्ट वेगळी. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ईमॅक्स या जुन्या संपादकासाठी ते रचले. ओळीच्या सुरुवातीला चांदणीचे चिन्ह दिले की मथळा होतो. एवढे कळले की नोंदी सुरू. पुढे कामांच्या याद्या, तारखा, तक्ते, हिशेब, पुस्तकाची प्रतही त्यातूनच काढता येते. फाइल शेवटपर्यंत साध्या अक्षरांचीच राहते; पंचवीस वर्षांनीही ती कोणत्याही संपादकात उघडेल. सूत एकच असण्याचा हा आदर्श नमुना. मात्र ही तकली ज्या घरात ठेवली आहे त्याचा उंबरठा फार उंच. लिहिलेले जतन करायलाही नवख्याला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस अशी जोडगोळी पाठ करावी लागते.

२०२० मध्ये आलेले ऑब्सिडियन या दोहोंच्या मध्ये बसते. नोंदी तुमच्याच संगणकावर, मार्कडाउन या साध्या चिन्हपद्धतीच्या फाइलींत. इतरांनी लिहिलेली दोन हजारांहून अधिक प्लगइन उपलब्ध आहेत, पण मूळ मांडणीत ती बंद असतात; वापरणाऱ्याने जाणूनबुजून दार उघडावे लागते. कॅरोल-कॅरिदर्स यांच्या प्रयोगाची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. त्यातली अडचण पुढे दिसते. काही प्लगइनांच्या आज्ञा नोंदीच्या मजकुरातच लिहाव्या लागतात. ते प्लगइन बंद पडले किंवा फाइल दुसरीकडे उघडली, की मजकुरात न समजणाऱ्या ओळींचे तुकडे राहतात. सुताला गाठी पडतात. मनाजोगता बदल दिसण्यात करावा, मांडणीत करावा. तो सुतात मिसळला की साधन बदलण्याचे स्वातंत्र्य जाते. खतावणीने कीर्द खोडू नये, या जुन्या नियमाचा हा नवा अवतार.

जुळवून देणारा माणूस

सॉफ्टवेअर बदलता येते असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा वापरणारा येतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. एमआयटीतल्या एका मोठ्या संगणक-व्यवस्थेतल्या ५१ जणांचा अभ्यास वेंडी मॅके यांनी १९९० च्या सुमारास केला. त्यात दिसले की बहुतेकांना बदल करायला वेळच नसतो. ते बदल करतात तेही पुष्कळदा नव्या आवृत्तीने मोडलेली जुनी सवय परत मिळवण्यासाठी. आणि बदल फार वेळा दुसऱ्याकडून उसने घेतात. त्यांत काय लिहिले आहे हे न कळताही एक फाइल अनेकांकडे फिरत राहते. गटात एखादाच असा असतो की जो सहकाऱ्यांची गरज ओळखून ती साधनाच्या भाषेत उतरवतो. मॅके त्याला भाषांतरकार म्हणतात.

आपल्या गावात हा माणूस नेहमीच होता. तिफणीचे फण शेताच्या मगदुराप्रमाणे जुळवून देणारा सुतार, चरख्याची चाती सरळ करून देणारा कार्यकर्ता, बचत गटाच्या वह्यांचे रकाने आखून देणारी शिकलेली सून. शेतकरी स्वतः तिफण घडवत नाही, पण ती कुठे टोचते ते सांगतो आणि सुतार त्याच दिवशी बसवून देतो. म्हणून 'नवख्याला सगळे बदल स्वतः करता आले पाहिजेत' ही मागणी मला अवास्तव वाटते. मागणी अशी हवी की शेजारच्या माणसाला ते करून देता यावेत, झालेला बदल उलटवता यावा आणि तो का केला हे वाचता यावे. पाच टक्के देखभालीची अट हेच सांगत होती. पुण्या-बंगळुरूच्या मदतकेंद्राची वाट बघावी लागली की ती अट मोडते.

मूळ मांडणी कोणाची?

इथवरचे विवेचन कोणत्याही भाषेतल्या वापरणाऱ्याला लागू पडेल. मराठीत लिहिणाऱ्याची अडचण त्याच्याही आधी सुरू होते.

समजा, हिंगणघाट तालुक्यातला एक कापूस-शेतकरी फोनवर नोंदी ठेवतो. जूनमध्ये तो लिहितो, 'पावसाने दडी मारली, पेरणी थांबवली.' सप्टेंबरात 'कापसाला फुलपात्या आल्या.' नोव्हेंबरात 'वेचणीच्या मजुरांना हप्ता दिला, वर्ध्याला जाऊन आलो.' वर्षाअखेरीस तो शोधतो : पाऊस. काहीच सापडत नाही. कापूस. नाही. मजूर. नाही. वर्धा. तेही नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. पाऊसचे पावसा-, कापूसचे कापसा-, वर्धाचे वर्ध्या-. अक्षरे जशीच्या तशी जुळवून शोधणाऱ्या यंत्राला हे शब्द परके आहेत. शाळेत पाचवी-सहावीत शिकवलेले व्याकरण यंत्राला माहीत नाही, आणि खापर मात्र शेतकऱ्याच्या 'संगणक-साक्षरते'वर फुटते.

याहून बारीक काटेही आहेत. 'शेतकऱ्याला' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. 'ॲप'मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन तो लिहिला जात होता आणि आजही काही कळफलक तसाच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना अक्षर न मानता चिन्ह मानले आहे. त्यामुळे 'अक्षरे संपली की खूण संपली' एवढाच नियम लिहिलेल्या कार्यक्रमात #मजुरी ची खूण #मज वर तुटते. मराठी कोशाच्या क्रमात ळ हा ह नंतर येतो, म्हणून कावळा आधी आणि काळा नंतर. युनिकोडच्या अंकांप्रमाणे लावलेल्या यादीत हा क्रम उलटा होतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहेत. एखादे प्लगइन, एखादी सेटिंग, एखादी आज्ञा. पण हेच तर दुखणे आहे. इंग्रजीत लिहिणारा नवखा जिथून सुरुवात करतो, त्या ठिकाणी पोहोचायलाच मराठी नवख्याला जाणता व्हावे लागते. एकाला बदल म्हणजे हौस, दुसऱ्याला बदल म्हणजे उंबरठा. सोपेपणा हा यादीतल्या पर्यायांच्या संख्येवर मोजला की ही विषमता दिसतच नाही. मूळ मांडणी कोणाला गृहीत धरून केली आहे, हा प्रश्न विचारला की लगेच दिसते.

एक आक्षेप

यावर असे म्हणता येईल की तकलीचा हा सगळा युक्तिवाद भाबडा आहे. माणसाने गिरणीचे कापड निवडले, तकली प्रदर्शनात गेली. लोकांना फोनवर बोलून नोंद करता येते. उद्या यंत्रच त्यांची वर्गवारी करील, सामान्यरूपेही ओळखील. मग कीर्द-खतावणीचा घोळ कशाला?

आक्षेपात तथ्य आहे. लावण्याचे काम यंत्राने केले तर मी त्याला नको म्हणणार नाही. सामान्यरूपाचा प्रश्न तर यंत्रानेच सोडवायला हवा. माझी अट एवढीच की लावलेले माणसाला उलगडून पाहता आले पाहिजे आणि कीर्द जशीच्या तशी हाती राहिली पाहिजे. खतावणीत चूक झाली तर ती कीर्दीशी ताडून पकडतात. यंत्राने शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून परस्पर सारांशच ठेवला आणि मूळ वाक्य टाकून दिले, तर मजुरीच्या वादात तो कशाशी ताडणार? नोंद ही पुष्कळदा दुबळ्याचा पुरावा असते. ती सोपी असण्याइतकीच त्याची स्वतःची असणे गरजेचे आहे.

आणि गिरणीबद्दल म्हणायचे तर कापड विकत घेता येते, नोंद विकत घेता येत नाही. ती ज्याची त्यानेच कातावी लागते.

म्हणून नवे सॉफ्टवेअर हाती आले की त्याच्या पर्यायांची यादी मी आता वाचत नाही. त्यात 'पावसाने दडी मारली' असे लिहितो आणि 'पाऊस' शोधून पाहतो. मग ती नोंद बाहेर काढून दुसऱ्या साध्या संपादकात उघडतो. शेवटी शेजारच्या मुलाला विचारतो, यात एक रकाना वाढवून देशील का? या तीन परीक्षांत पूर्ण उतरलेले साधन अजून माझ्या पाहण्यात नाही. एक लाखाचे बक्षीसही कोणाला मिळाले नव्हते, पण त्या अटींमुळे चरखा कोणासाठी सुधारायचा हे तरी स्पष्ट झाले होते.